मधोमध उभा असलेला आवाज

त्या घरात त्या दुपारी पाच माणसं होती. त्यांतली चौघं आजही हयात आहेत. चौघांना वेगवेगळं गाठून विचारलं तरी गोष्ट तीच निघते, एका शब्दाचाही फरक पडत नाही. म्हणून हे लिहायचं धाडस केलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी वाद नाही.

दिवस शनिवार. तारीख सहा मार्च, साल दोन हजार चार. जागा विश्रांतवाडी, आळंदी रस्त्याच्या आतल्या बाजूची एक तीन मजली इमारत.

आणि वेळ रात्रीची नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं... दुपारचे पावणेतीन वाजले होते.

पण सुरुवात त्याच्या तीन आठवडे आधी झाली.

सिराजचं बुधवार पेठेतल्या एका बोळात छोटंसं दुकान. अँप्लिफायर तो स्वतःच्या हातानं बांधून देई. पत्र्याची पेटी, आत ट्रान्सफॉर्मर, समोर एक मोठं चकचकीत बटण. त्या बटणामागे त्यानं छोटी मोटर बसवलेली असे. रिमोट दाबला की बटण आपलं आपण गोल फिरायचं आणि आवाज वाढायचा. लहान मुलं ते बघून टाळ्या पिटत.

पद्मजाताई पोस्टात नोकरीला होत्या. वय पंचेचाळीस, लग्न केलेलं नाही. घरी त्या आणि आई सरोजिनीबाई, एवढंच. आईंचं वय बहात्तर, गुडघे गेलेले, डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार कळायचा. गाणी हाच त्यांचा विरंगुळा. पण आवाज कमी-जास्त करायला उठणार कोण? म्हणून ताईंनी सिराजला रिमोटचा सेट सांगितला.

पंधरा फेब्रुवारीला, रविवारी सकाळी, सिराज रिक्षातून सामान घेऊन आला. घर तिसऱ्या मजल्यावर. ताईंनी ते सहाच महिन्यांपूर्वी भाड्यानं घेतलेलं.

बैठकीच्या खोलीत शिरताच सिराज थबकला.

समोरच्या भिंतीवर, दोन टोकांना, पितळेच्या दोन पट्ट्या होत्या. प्रत्येकीवर दोन स्क्रू. खाली, पेटी ठेवायच्या फळीजवळ, चार स्क्रूंची आणखी एक पट्टी.

"ताई, इथं आधी कुणीतरी सेट लावला होता. तारा भिंतीच्या आतून नेल्यात. काम झकास केलंय हो."

"मग तुमचे कष्ट वाचले," ताई म्हणाल्या. "बिलातही ते दिसू द्या."

"दिसेल ना, चष्मा लावून बघा."

सिराजनं नव्या तारेचं भेंडोळं पिशवीत परत टाकलं. भिंतीतल्या जुन्याच तारा वापरायच्या ठरवल्या. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानंही हेच केलं असतं. दुसऱ्या कारागिरानं निगुतीनं केलेलं काम उगाच कोण उखडतं?

स्पीकर लावून झाल्यावर खुर्चीची जागा ठरवायची होती. सिराजची ही पद्धत होती. एका दोऱ्यानं तो दोन स्पीकरमधलं अंतर मोजायचा, तेवढाच दोरा दोन्ही स्पीकरपासून पुढे ताणायचा आणि जिथे टोकं मिळतील तिथे खुर्ची ठेवायचा. तिन्ही बाजू सारख्या.

दोऱ्याची टोकं मिळाली.

बरोबर त्याच ठिकाणी फरशीवर चार खाचा होत्या.

खुर्चीच्या चार पायांच्या. नुसत्या खाचा नव्हेत... खुर्ची तिथल्या तिथे खूप वेळा जोरात हादरावी, तशी फरशी खरवडली गेली होती.

"आधीच्या माणसाला कान होता," सिराज स्वतःशी पुटपुटला आणि खुर्ची त्या खाचांमध्ये बसवली. ती चपखल बसली.

सरोजिनीबाईंना ताईंनी हात धरून आणलं, खुर्चीत बसवलं. मग सिराजनं आपली चाचणीची कॅसेट लावली. तिच्यात त्याच्या चांदमामूंचा आवाज होता. मामू आता नव्हते, पण धंदा त्यांनीच शिकवलेला. कॅसेटमध्ये मामू एक ते दहा आकडे म्हणत, बस्स. दोन्ही बाजूंना तोच आवाज, तेवढाच.

"आजी, आता गंमत ऐका. आवाज कुठून येतोय ते सांगा."

"एक... दोन... तीन..."

"समोरून," आजी म्हणाल्या. "मधोमध कुणीतरी उभं राहून बोलतंय."

"मध्ये कुणी नाही. मध्ये कोरी भिंत आहे."

हे कसं होतं, ते जरा समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. दोन मुलं चादरीची टोकं धरतात आणि मध्ये ठेवलेला चेंडू उडवतात ना? दोघांनी एकाच वेळी हात वर केले की चेंडू बरोबर मधोमध उडतो. स्पीकरचंही तसंच. लाल तार लाल स्क्रूला, काळी काळ्याला, असं दोन्हीकडे नीट जोडलं की दोघांचे पडदे एकदम पुढे येतात, एकदम मागे जातात. मग आवाज मधोमध उभा राहतो. एका बाजूला तारा उलट्या लागल्या तर एक मूल चादर वर करतं आणि दुसरं खाली. चेंडू कुठेही जातो. आवाज खोलीभर असतो, पण त्याला जागा राहत नाही.

सिराजनं तारा नीट जोडल्या होत्या. आवाज मधोमध उभा होता.

"...आठ... नऊ... दहा."

"झालं आजी. मामूंना दहाच्या पुढे मोजायचा कंटाळा."

तेवढ्यात...

"अकरा."

आवाज मामूंचा नव्हता. जाड, सावकाश, जरासा धापा टाकणारा.

आजींनी खांदा आक्रसून घेतला. "पद्मा, मला चापट कशाला मारलीस?"

पद्मजाताई स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या.

सिराजनं कॅसेट काढून पाहिली. जुनी फीत, आधीचं काही पुसायचं राहिलं असेल, असं त्यानं मनाला समजावलं. मामूंनी ती कॅसेट नवीकोरी घेतली होती हे त्याला ठाऊक होतं... तरी समजावलं.

पाचव्या दिवशी दुकानात ताईंचा फोन आला.

"सिराजभाई, तुमचं बटण आपलं आपण फिरतं. रोज दुपारी पावणेतीनला. मी ऑफिसात असते. खालचे सर्जेराव काल वर येऊन गेले."

"रागावले असतील."

"रागावले नाहीत. म्हणाले, आमच्या घरी रेडिओ न्हाई, तुम्ही सगळ्या बिल्डिंगची सोय केली, लई उपकार हायेत."

सिराज दुसऱ्याच दिवशी गेला. रिमोटचा संदेश पकडणारा पुर्जा बदलला. मोटर तपासली. सगळं ठीक होतं.

निघताना आजींनी पाणी पिण्यासाठी हात पुढे केला आणि पदर सरकला. दंडावर एक निळा पट्टा होता. दोन बोटं रुंद, कडा सरळ.

"आजी, हे काय?"

आजींनी पदर ओढून घेतला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "गाण्याच्या खाली तो मोजत असतो. गाणं मोठं झालं की मारतो. पद्माला सांगू नकोस, ती नोकरी सोडून घरी बसेल."

सिराजला वाटलं, म्हातारपण आहे, भास होत असतील. कुठेतरी आपटल्या असतील.

या वाटण्यानं त्याला पुढे फार छळलं.

तीन मार्चला आजींचा उजवा हात कोपराच्या वर मोडला.

प्लास्टर घालताना डॉक्टरांनी पाठ पाहिली. पाठीवर तसले सतरा पट्टे होते. डॉक्टरांनी पद्मजाताईंकडे असं पाहिलं, की ताईंना तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. डॉक्टरांनी परस्पर आजींच्या मुलाला फोन लावला, म्हणजे ताईंच्या थोरल्या भावाला. दिगंबरराव स्वारगेटजवळ राहत. त्यांनी बहिणीला एकच वाक्य ऐकवलं.

"शनिवारी चारला येतो. आईला नेतो आणि तिथून थेट पोलीस चौकीत जातो."

शनिवारी दुपारी दोन वाजता ताईंनी सिराजला बोलावून घेतलं. त्यांचे डोळे रडून सुजले होते, पण आवाज स्थिर होता.

"आई म्हणते, तुमच्या पेटीतून कुणीतरी येतं. मला तेव्हा ते खरं वाटलं नाही. आज तुम्ही तपासून सांगा. खरं असेल तर दादाला ऐकवायचं आहे. नाहीतर सगळ्या जगासाठी मी आंधळ्या आईला बडवणारी मुलगी ठरते."

आजी आतल्या खोलीत, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून पडल्या होत्या.

सर्जेरावही वर आले होते. पासष्टीचे, पांढरी टोपी, हातात काठी. इमारत उभी आहे ती जमीन कधीकाळी त्यांचीच होती. सिराजनं त्यांना सरळ विचारलं, "काका, ताईंच्या आधी इथं कोण राहायचं?"

सर्जेरावांनी काठी भिंतीला टेकवली.

"नवराबायको व्हती. त्याला गाण्याचा लई नाद. रोज दुपारी जेवून झालं की मोठ्यानं लावायचा. आम्ही चार-चारदा वर येऊन सांगितलं, आवाज कमी करा म्हणून."

"मग?"

"मग एक दिस बाई न्हाणीत पाय घसरून पडली आन् गेली म्हणाला. म्या आंघोळ घालायच्या वक्ताला बायकांचं बोलणं ऐकलं. घसरून पडलेल्या माणसाच्या पाठीवर असले वळ नसत्यात." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "आम्ही समदी आवाज कमी कर म्हणत ऱ्हायलो. आवाज कशापायी मोठा हाय, हे एकानंही इचारलं न्हाई."

"आणि तो?"

"सहा म्हैन्यांनी त्योही गेला. हितंच. खुर्चीत बसल्याला घावला."

सिराजनं खुर्चीच्या पायांखालच्या खाचांकडे पाहिलं.

घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

दिगंबरराव वेळेआधी आलेच तर त्यांना थेट वर आणावं, म्हणून सर्जेराव फाटकाशी जाऊन उभे राहिले. सिराजनं रिमोटमधले सेल काढले आणि खिशात टाकले. खुर्चीत कुणाला बसू दिलं नाही, एक जाड लोड उभा करून ठेवला. मग एक साधी भजनाची कॅसेट लावली, अगदी हळू.

दोघं भिंतीला टेकून उभे राहिले.

पावणेतीन.

चकचकीत बटण... हललं.

सेल खिशात होते. तरी बटण फिरत होतं. सावकाश, दमानं, कुणीतरी खुर्चीतल्या माणसाला आधी आवाज ऐकवावा तसं. भजन वाढत गेलं. खिडकीची तावदानं थरथरू लागली.

आणि भजनाच्या खाली, दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध...

"एकोणतीस."

फट्.

लोडाचा अभ्रा आडवा फाटला. कापूस बाहेर आला.

"तीस."

फट्. खुर्ची जागच्या जागी हादरली. फरशी खरवडली गेली.

पद्मजाताईंनी तोंडात पदर कोंबला. रोज दुपारी, त्या पोस्टात शिक्के मारत असताना, या खुर्चीत त्यांची आई बसलेली असायची.

"दादाला हे ऐकायलाच हवं," त्या कशाबशा म्हणाल्या. "पण तो येईल तेव्हा कुणाला लागता कामा नये."

इथे सिराजची चूक झाली. चूक कारागिराची होती, दुसऱ्या कुणाला ती सुचलीही नसती.

त्यानं विचार केला, हा मधोमध उभा राहू शकतो, कारण आपण तारा नीट जोडल्या आहेत. एका बाजूच्या तारा उलट केल्या तर आवाज राहील, पण याला उभं राहायला जागाच राहणार नाही. ऐकू येईल, मारता येणार नाही.

त्यानं अँपच्या मागे हात घातला. डाव्या स्पीकरची लाल तार काढली, काळ्या जागी लावली. काळी लालच्या जागी.

झटक्यात आवाज पसरला. भजन चारी भिंतींतून येऊ लागलं. मध्ये काही उरलं नाही.

मोजणं थांबलं.

लोड खुर्चीत निमूट पडला होता. दहा सेकंद गेले... वीस गेले...

"गेला," सिराज म्हणाला. त्याच्या कपाळावरचा घाम टपकला.

"एकतीस."

आवाज समोरून आला नाही.

तो त्यांच्या पाठीमागून आला.

पद्मजाताई तोंडावर आपटल्या. कुणीतरी मागून केस धरून ढकलावं तशा. त्यांचं नाक फुटलं, फरशीवर रक्ताचा ओघळ आला. त्या उठायच्या आत स्वयंपाकघरातली मांडणी कोसळली, पातेली घरंगळत बाहेर आली. मग पुन्हा शांतता. नुसतं भजन.

मग आतल्या खोलीतून...

"बत्तीस."

आणि आजींची किंकाळी.

सिराजनं धावत जाऊन अँपची पिन उपटली. भजन बंद पडलं. अँपवरचा लाल दिवा विझला.

"तेहतीस."

आतल्या खोलीत फट् असा आवाज झाला. आजी पलंगावरून खाली पडल्या होत्या, प्लास्टरला भेग गेली होती, आणि त्यांचं अंग फटक्यागणिक उडत होतं. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. ताई त्यांच्यावर पालथ्या पडल्या. पुढचा फटका ताईंच्या पाठीवर बसला आणि ब्लाऊज उभा फाटला.

आता सिराजला कळलं, आपण काय करून बसलो ते.

तो आधी बांधलेला होता. दोन स्पीकरच्या मध्ये आणि समोरच्या त्या एका खुर्चीपुरता. सिराजनं त्याची जागा काढून घेतली, आणि जागा काढून घेतल्यावर तो सगळीकडे मोकळा झाला. पिन काढून उपयोग नव्हता. त्याला आधी जागेवर आणायला हवं होतं.

सिराजनं पिन परत खोचली. तारा सोडवल्या. लाल लालला, काळी काळीला. स्क्रू पिळताना पेचकस तळहातात घुसला, त्याला ते कळलंही नाही.

भजन आकसत आकसत पुन्हा मधोमध आलं.

पण आतली मोजणी थांबेना. "पस्तीस."

कारण खुर्ची रिकामी होती. फाटका लोड त्या गोंधळात खाली घसरला होता.

सिराजला दोन मुली होत्या, मोठी खातून तेव्हा नववीत. त्या क्षणी त्याला तीच आठवली, असं तो सांगतो. मग तो चालत गेला आणि खुर्चीत बसला.

आतलं सगळं थांबलं.

समोर, भिंत आणि खुर्चीच्या मध्ये, कुणीतरी श्वास घेतला.

"ताई," सिराज ओरडला नाही, नेहमीसारखंच म्हणाला, "आजींना उचला आणि बाहेर व्हा. माझ्याकडे बघू नका."

"छत्तीस."

पहिला फटका गळपट्टीच्या हाडावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. दुसरा तोंडावर... समोरचे दोन दात जिभेवर सुटे झाले. त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले. उठलो तर हा परत आत जाईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पद्मजाताईंनी आईला पाठुंगळी घेतलं. भिंत धरत, खुर्चीच्या मागून, एकेक पाऊल टाकत त्या दाराकडे निघाल्या. आजी त्यांच्या कानाशी सारखं म्हणत होत्या, "त्या पोराला सोडव गं... त्या पोराला सोडव."

दार बाहेरून उघडलं.

दारात दिगंबरराव होते. चारला येणार होते, तीनलाच आले होते. मागे सर्जेराव.

त्यांनी पाहिलं ते असं. रक्तानं माखलेली बहीण आईला घेऊन उंबऱ्यात उभी. आणि खोलीच्या मधोमध, एका खुर्चीत, एक अनोळखी माणूस एकटा बसलेला. त्याचं डोकं डावीकडे, उजवीकडे फेकलं जात होतं. शर्ट आपोआप फाटत होता. फाटल्या जागी कातडीवर निळे-लाल पट्टे उमटत होते, एकाशेजारी एक.

"एकोणचाळीस."

हा फटका डाव्या कानावर बसला. सिराजच्या कानातून रक्ताची धार लागली.

सर्जेराव तेवढे भानावर होते. जिन्यातल्या मीटरच्या पेटीपाशी जाऊन त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

सगळं थांबलं.

सिराज खुर्चीतून खाली गळून पडला.

ससूनमध्ये तो अकरा दिवस होता. दिगंबरराव रोज डबा घेऊन येत. पोलीस चौकीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. बहिणीची माफी मात्र मागितली, ती अशी. एकदा डबा ठेवता ठेवता म्हणाले, "पद्मा, मी आईला नेणार होतो. आई नाही म्हणते."

आजी शेजारच्या बाकावर बसल्या होत्या. "का नाही म्हणते तेही सांग," त्या म्हणाल्या. "मला दिसत नसेल, पण माझ्या मुलीचा हात मला कळतो. तुला दोन्ही डोळे असून कळला नाही."

दिगंबररावांनी डबा उघडला आणि सिराजला वाढायला घेतलं.

आजी आणि ताई आळंदी रस्ता सोडून गेल्या. आजी पुढे सहा वर्षं जगल्या. शेवटपर्यंत त्यांच्या घरात रेडिओ नव्हता, टीव्ही नव्हता. गाणं ऐकायची हुक्की आली की ताई स्वतःच गुणगुणत, बेसूर, आणि आजी त्यांना नावं ठेवत.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या घराच्या मालकानं उन्हाळ्यात ती भिंत फोडून घेतली, पितळी पट्ट्या काढायच्या म्हणून. गवंडी काम करत असताना सर्जेराव मुद्दाम जाऊन उभे राहिले.

तारा नेण्यासाठी भिंतीत बसवलेला पाइप रिकामा होता.

पट्ट्यांच्या मागे वीतभर तारेचे तुकडे होते, टोकं काळी पडलेली, कधीतरी फार पूर्वी कापलेली. अँपपासून स्पीकरपर्यंत तारच नव्हती. मग पंधरा फेब्रुवारीपासून ते स्पीकर कशावर वाजत होते, हे सिराजला कुणी सांगू शकलेलं नाही. त्यानंही नंतर विचारणं सोडलं.

सिराजचा डावा कान गेला, तो कायमचा. डॉक्टरांनी समजावलं, आवाज कुठून येतो ते माणसाला दोन कान आहेत म्हणून कळतं. एकाच कानानं ऐकू येईल सगळं, पण दिशा कळणार नाही. आता कुणी हाक मारली की तो चुकीच्या बाजूला वळतो. बोळात मागून स्कूटर येते की पुढून, त्याला सांगता येत नाही.

धंदा त्यानं सोडला नाही. दुसरं काही येत नाही, म्हणतो. लोकांच्या घरी जाऊन सेट लावतो, दोऱ्यानं खुर्ची मोजतो, तारा नेहमी स्वतःच्या, नव्या. पण आवाज मधोमध उभा राहिला की नाही, हे त्याला स्वतःला आता ऐकू येत नाही. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून विचारावं लागतं.

"समोर, मधोमध येतोय?"

"हो, अगदी मधोमध."

"एकटाच आहे ना?"

बहुतेक गिऱ्हाइकं हसतात. सिराज हसत नाही. उत्तर मिळेपर्यंत त्याचा हात मेन स्विचवर असतो.

मागच्या दसऱ्याला वानवडीत एका बाईंकडे त्यानं असाच सेट लावला, असंच विचारलं.

त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी मान जराशी तिरकी केली... आणि त्या ऐकत राहिल्या.